गुरुवारी संध्याकाळी सहाला या: काउंटीतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
आपल्या काउंटीतली समस्त मराठी मंडळी
(सिटिझन, ग्रीन कार्डवाले, एच-वन, एच-फोर आणि सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबासुद्धा)

सप्रेम नमस्कार.

वर्गणी मागायला लिहीत नाहीये, गुरुवारच्या काउंटी बोर्डाच्या मीटिंगला सोबत चला, एवढं सांगायला लिहिते आहे, तेव्हा निर्धास्त वाचा.

गेल्या गणेशोत्सवानंतरच्या सोमवारी सकाळी माझ्या मिनीव्हॅनमध्ये कचऱ्याच्या २३ पिशव्या होत्या. शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेताना 'कचरा आमचा आम्ही नेऊ' असं आपलं मंडळ लिहून देतं. चारशे माणसं जेवून घरी गेली की तो कचरा कुणाच्या तरी गाडीत चढतो. या वेळी पाळी माझी होती. मागच्या सीटा पाडल्या, चारही खिडक्या उघड्या टाकल्या आणि आपल्या बाजूच्या ड्रॉप-ऑफ सेंटरवर, म्हणजे काउंटीच्या कचरा नेऊन टाकायच्या ठिकाणी, गेले.

तिथे नारिंगी जाकीट घातलेले एक आजोबा असतात. ज्या नऊ पिशव्यांवर मी मोठ्या ऐटीत मार्करने 'रिसायकल' लिहिलं होतं, त्यातली पहिली त्यांनी उघडली. आत श्रीखंडाने माखलेल्या प्लेटा, पुऱ्यांचं तेल प्यायलेले कागद, कोकच्या कॅनमध्ये कुणीतरी कोंबलेला मसालेभात. ते रागावले नाहीत. दोन बोटांनी एक प्लेट उचलून दाखवली आणि म्हणाले, "मॅम, हा सगळा ट्रॅशच." मग आम्ही दोघांनी उन्हात उभं राहून तासभर ते निवडलं. नऊ पिशव्यांतून रिसायकल होण्याजोगी दीड पिशवी निघाली. निघताना ते म्हणाले, "पुढच्या वर्षी हे सेंटर असेलच असं नाही. काउंटीचा बंद करायचा विचार चाललाय. मीटिंगला कुणी येत नाही, त्यामुळे होऊनही जाईल."

मी या काउंटीत २१ वर्षं राहते. दर वर्षी प्रॉपर्टी टॅक्स भरते, टॅक्स वाढला की अपील करते, आणि काउंटीच्या बोर्डाची मीटिंग नक्की कुठे भरते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. जॉर्जियात राहणाऱ्या मराठी बाईला पुण्यातल्या प्रभागांचे आकडे पाठ आहेत आणि काउंटीच्या बोर्डावरचा स्वतःचा कमिशनर कोण हे विचारायला गूगल करावं लागतं, याची लाज वाटून हे पत्र लिहिते आहे. लाज वाटून घ्यायला सोबत मिळाली तर बरं.

आपण काउंटीला 'जिल्हा' म्हणून मोकळे होतो आणि मग मनात आपोआप एक कलेक्टर उभा राहतो: वरून आलेला, बदलीवर जाणारा, ज्याला निवेदन द्यायचं असतं. इथे तसं काही नाही. जॉर्जियात १५९ काउंट्या आहेत, देशात टेक्सासच्या २५४ खालोखाल सगळ्यांत जास्त, आणि त्यातल्या कित्येक आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढ्या लोकवस्तीच्या. कमिशनर निवडून येतात. शेरीफ निवडून येतो. कर गोळा करणारा टॅक्स कमिशनरसुद्धा निवडून येतो. झेडपी, कलेक्टर कचेरी आणि एसपी ऑफिस एकत्र कालवून मताला टाकावं, तसा प्रकार आहे. यातली बरीच मंडळी आपल्याच दुकानात, आपल्याच सिग्नलला भेटतात. एक कमिशनर माझ्या मुलीच्या सॉकर कोचचे सासरे निघाले.

तर ऑक्टोबरात मी पहिल्यांदा मीटिंगला गेले. सव्वाशे खुर्च्या, माणसं अकरा. त्यातली चार काउंटीचीच नोकरदार, आपला विषय यायची वाट बघत बसलेली. सुरुवातीला 'कन्सेंट अजेंडा' नावाचा प्रकार झाला. ज्या विषयांवर वाद नाही असं धरलेलं असतं, ते सगळे एका गठ्ठ्यात मंजूर करायचे. एकोणीस विषय, एक सूचक, एक अनुमोदक, पाच हात वर. मी मोबाईलवर वेळ लावली होती: ४० सेकंद. त्या एकोणिसात आपल्या बाजूच्या रस्त्यांच्या डांबरीकरणाचं कंत्राटही होतं, हे मला घरी येऊन अजेंडा वाचल्यावर कळलं. यात बेकायदा काही नाही. अजेंडा आधी वेबसाइटवर टाकतात, कुणाही कमिशनरला एखादा विषय गठ्ठ्यातून बाहेर काढता येतो. पण त्याने तो काढावा असं त्याला आधी कुणी सांगितलं पाहिजे ना?

आता या घडीला तीन गोष्टी चालू आहेत. ड्रॉप-ऑफ सेंटर बंद करायचं, आपला प्रीसिंक्ट (मतदानाचं बूथ) हायवेपलीकडच्या प्रीसिंक्टमध्ये मिसळायचा, आणि आपल्याकडचा मुख्य रस्ता डांबरीकरणाच्या यादीत खाली ढकलायचा. कागदावर या तीन वेगळ्या फायली आहेत, तीन वेगळ्या टेबलांवर. प्रीसिंक्टचा निर्णय तर कमिशनर घेतही नाहीत, तो इलेक्शन बोर्ड घेतं, आणि त्यांची मीटिंग दुपारी चारला असते, म्हणजे कामावर जाणाऱ्या माणसाने जायलाच नको. पण या तिन्ही फायली आपल्या दारात येऊन एकच होतात.

कचऱ्यापासून सांगते. आपल्याकडे घंटागाडी नाही. ज्याने त्याने आपली कंपनी बघायची. आमच्या एका सबडिव्हिजनमध्ये (म्हणजे वसाहतीत) तीन कंपन्यांचे ट्रक तीन वेगवेगळ्या दिवशी येतात. शेजारच्याचा डबा मंगळवारी, आमचा गुरुवारी, समोरच्यांचा शुक्रवारी. ज्यांना महिन्याचे पैसे परवडत नाहीत किंवा जे मागच्या रस्त्यावरच्या मोबाइल होममध्ये, म्हणजे हलवता येणाऱ्या घरांत, राहतात, ते पिशवीमागे पैसे देऊन सेंटरवर टाकतात. आपल्याला सेंटर फक्त गणपतीनंतर आणि घर बदलताना आठवतं.

काउंटीची बाजूही खरी आहे, तीही ऐका. २०१७ पर्यंत अमेरिकेतली रद्दी आणि प्लॅस्टिक मोठ्या प्रमाणावर चीनला जायचं आणि त्याचे पैसे यायचे. २०१८ च्या जानेवारीपासून चीनने २४ प्रकारचा कचरा घेणं बंद केलं. जे घेत होते त्यातही घाण अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त चालणार नाही, असं ठरवलं. अर्धा टक्का म्हणजे शंभर किलोत अर्धा किलो. माझ्या नऊ पिशव्या आठवा. तेव्हापासून जे विकून पैसे यायचे ते उचलायला पैसे द्यावे लागतात, आणि देशभर कित्येक ठिकाणी काच घेणंच बंद झालं. उरलेल्या कचऱ्याचंही तसंच. १९९१ मध्ये केंद्र सरकारने नियम केले, की कचरा पुरायच्या जागेला तळाशी अस्तर हवं, झिरपणारं पाणी गोळा करायला हवं, आसपासचं भूजल तपासायला हवं. नियम चांगलेच होते. पण गावोगावच्या छोट्या खड्ड्यांना ते झेपले नाहीत. १९८८ साली देशात असे सुमारे ७,९०० लँडफिल होते, पुढच्या वीस वर्षांत ते दोन हजारांच्या आत आले. त्यामुळे कचरा दूर जातो आणि दूर न्यायला डिझेल लागतं.

आणि तो कुणाच्या काउंटीत जातो, हे आपण विचारत नाही. या देशात कचरा हा माल आहे. फिलाडेल्फियाचा कचरा न्यू जर्सीने अडवला, तेव्हा १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केवळ बाहेरचा म्हणून तो अडवता येणार नाही, हा व्यापार आहे. उलट २००७ च्या एका निकालात न्यूयॉर्क राज्यातल्या दोन काउंट्यांना त्याच कोर्टाने मुभा दिली, की इथला कचरा आमच्याच सार्वजनिक केंद्रात आला पाहिजे, असं त्या म्हणू शकतात. म्हणजे काउंटीच्या हातात काहीच नाही, असं नाही. हात हलवायला पैसे लागतात, एवढंच.

म्हणून मी 'सेंटर बंद करू नका' अशी पाटी घेऊन उभी राहणार नाही. आठवड्यात सहा दिवस ते उघडं ठेवायची गरज नसेल. शनिवार आणि एखादा मधला वार ठेवा, एवढंच मागणार आहे. आणि एक प्रश्न विचारणार आहे: सेंटर बंद झालं तर तो कचरा कोणत्या रस्त्याने जाईल?

हा प्रश्न मला सुचला नाही, माझ्या नवऱ्याला सुचला. तो सिव्हिल इंजिनिअर आहे आणि जेवताना असली माहिती देतो. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉयमध्ये ऑटवा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून लष्कराच्या जवानांनी ट्रक फिरवले, रस्ता कशाने किती झिजतो ते पाहायला. त्यातून निघालं ते असं: एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते. भरलेल्या कचऱ्याच्या ट्रकपुढे तुमची कॅमरी म्हणजे रस्त्याच्या दृष्टीने चिलट. आता आमच्या गल्लीत आठवड्याला तीन कंपन्यांचे तीन ट्रक, त्यात सेंटर बंद झाल्यावर नव्या गिऱ्हाइकांसाठी आणखी फेरे. सेंटर बंद करून कचऱ्याच्या फाइलमध्ये जे वाचेल, ते रस्त्याच्या फाइलमध्ये निघेल. पण दोन फायली दोन टेबलांवर असल्या, की बेरीज करायची कुणी?

तो मुख्य रस्ता तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. इंडियन ग्रोसरीकडे वळताना डाव्या लेनमध्ये डांबराला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्यात. इंजिनिअर लोकही त्याला तेच म्हणतात, मगर. मगर दिसली की वरवर पॅच मारून भागत नाही, खालचा थर गेलेला असतो. काउंटीची माणसं मोजमाप करून प्रत्येक रस्त्याला शून्य ते शंभरमध्ये गुण देतात आणि त्यावरून डांबरीकरणाचा क्रम लावतात. मी रोड डिपार्टमेंटला फोन केला. फोनवरची मुलगी भली होती, तिने आमच्या रस्त्याचे गुण लगेच सांगितले. ज्या रस्त्याला आमच्यापेक्षा बरे गुण आहेत, तो यादीत वर का, हे मात्र तिला सांगता आलं नाही. कदाचित त्याखाली पाण्याची लाइन टाकायची असेल. कदाचित तिथली माणसं मीटिंगला येत असतील. ऑक्टोबरात आलेल्या अकरांपैकी एक होते सत्तरीचे शेतकरी. खड्ड्यात स्वतःचा बूट ठेवून काढलेला फोटो त्यांनी मोठा करून आणला होता. काही भाषण नाही. फोटो धरला, रस्त्याचं नाव सांगितलं, "हा माझा बारा नंबरचा बूट" म्हणाले आणि बसले. त्यांचा रस्ता झाला.

पैशाचं थोडं सांगते, कारण 'आपण कुठे काय भरतो' असं आपल्यातलेच लोक म्हणतात. पेट्रोलवरचा केंद्राचा कर गॅलनमागे १८.४ सेंट आहे आणि १९९३ पासून तो तेवढाच आहे. तेव्हाचे १८ सेंट आणि आजचे १८ सेंट यांत किती डांबर येतं ते तुम्हीच बघा. म्हणून जॉर्जियातल्या काउंट्या १९८५ पासून एक वेगळी वाट वापरतात: लोकांनी मतदान करून मंजूर केला, तर काही वर्षांसाठी प्रत्येक खरेदीवर डॉलरमागे एक सेंट जादा कर. त्याला सगळे स्प्लॉस्ट म्हणतात. राज्याचा सेल्स टॅक्स किराण्यावर लागत नाही, पण हा स्थानिक सेंट लागतो. म्हणजे कालच विमानातून उतरलेल्या आणि उद्या परत जाणाऱ्या सासूबाईंनी तूरडाळ घेतली, तरी त्या आपल्या रस्त्याला पैसे देऊन जातात. एच-वनवालाही देतो. (गेटच्या आतल्या सबडिव्हिजनवाल्यांना एक सूचना: तुमचे आतले रस्ते खासगी असतील, तर ते काउंटी करणार नाही, ते एचओएच्या (घरमालकांच्या संघाच्या) खिशातून होणार. त्यासाठी कमिशनरला ईमेल करू नका, तो हसतो.)

आता मतदान केंद्राचं. इथे मला माझीच चूक आधी कबूल करायला हवी.

मागच्या एका निवडणुकीत मी ऑफिसमधून थेट नेहमीच्या चर्चमध्ये गेले. सहा वीस झाले होते, जॉर्जियात सातला मतदान बंद होतं. दारात चार फूट बाय चार फुटांचा फलक: केंद्र हलवलं आहे. कायदाच तसा आहे, जुन्या जागी निदान एक फलक एवढा मोठा हवा, आणि तो निवडणुकीच्या आधी सात दिवस लावायला हवा. फलक होता. घरी पत्रही आलं होतं, पिझ्झाच्या कुपनांच्या गठ्ठ्यात, ते मला दोन महिन्यांनी सापडलं. म्हणजे नियमाने सगळं झालं होतं आणि तरी मी चुकीच्या दारात उभी होते. धावतपळत नव्या जागी पोचले सहा बावन्नला. सातच्या आत रांगेत असलात, की मत देऊ देतात, तेव्हा माझं मत पडलं. पण चर्चच्या पार्किंगमध्ये माझ्यासोबत तो फलक वाचणारं एक जोडपं होतं, सोबत वॉकर घेतलेली आई. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आईला परत गाडीत बसवलं आणि ते घराच्या दिशेने गेले. नंतर आणखी एक कळलं: दिवसा कुणी चुकीच्या केंद्रावर हट्टाने मत टाकलं, तर संध्याकाळी पाचच्या आधी टाकलेलं असं मत मोजतच नाहीत.

प्रीसिंक्ट म्हणजे आपल्या भाषेत बूथ. लवकर मतदानाच्या दिवसांत काउंटीतल्या कुठल्याही लवकर मतदानाच्या केंद्रावर जाता येतं, पण मुख्य दिवशी आपल्याच बूथवर जावं लागतं. आता आपलं बूथ पलीकडच्याशी जोडायचं चाललंय. कारण विचारलं तर सांगतात, जागा मिळत नाही, पोल वर्कर मिळत नाहीत, बरेच लोक आधीच मत देऊन मोकळे होतात. तिन्ही कारणं खोटी नाहीत. यातलं शेवटचं कारण २०१६ मध्ये ॲरिझोनात मॅरिकोपा काउंटीनेही दिलं होतं. २०१२ मध्ये तिथे सुमारे २०० केंद्रं होती, प्रेसिडेंटच्या उमेदवाराच्या प्राथमिक निवडणुकीला ती ६० वर आणली. लोक तासन्‌तास उभे राहिले, काहींचं मत मध्यरात्रीनंतर पडलं. १९८८ पासून तिथल्या रेकॉर्डर (निवडणुकांचं काम बघणाऱ्या अधिकारी) म्हणून निवडून येणाऱ्या हेलन पर्सेल त्याच वर्षी नोव्हेंबरात हरल्या. आपल्या राज्यातही जून २०२० ची प्राथमिक निवडणूक आठवत असेल. करोनामुळे जागा मिळेनात, आणि अटलांटात पीडमाँट पार्कच्या कोपऱ्यावरच्या एकाच केंद्रावर १६ हजारांच्या वर मतदार लावलेले.

आपल्या बूथचा प्रश्न एवढा मोठा नाही. पण मध्ये सहा लेनचा हायवे आहे आणि फुटपाथ नाही. आपल्याला काय, आपण गाडीने जाऊ. मोबाइल होमवाल्या रस्त्यावर आणि वेअरहाउसमागच्या अपार्टमेंटांत ज्यांच्याकडे एकच गाडी आहे आणि तीही रात्रपाळीला गेलेली असते, ते कसे जाणार? आणि रांग लागली, तर त्यांना पाणीसुद्धा आपण द्यायचं नाही. २०२१ च्या कायद्याने केंद्राच्या इमारतीपासून १५० फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला खायला-प्यायला देणं हा गुन्हा आहे. आल्या-गेल्याला आधी पाणी विचारायचं, अशा घरांत वाढलेली आपण माणसं. हे वाचून मी दोनदा खात्री केली.

त्याच कायद्यात एक कामाचं कलमही आहे, आणि ते मी गुरुवारी, आणि नंतर इलेक्शन बोर्डापुढेही वापरणार आहे. एखाद्या बूथवर २,००० पेक्षा जास्त मतदार असतील आणि तिथे तासाच्या वर थांबावं लागलं असेल, तर पुढच्या निवडणुकीआधी एकतर बूथ लहान करायचं किंवा यंत्रं, माणसं वाढवायची. आणि किती थांबावं लागलं, ते त्या दिवशी तीनदा मोजून लिहून ठेवायचं. म्हणजे पलीकडचं बूथ तेवढं मोठं असेल, तर तिथे मागच्या वेळी लोक किती थांबले, याचा कागद असायला हवा. तो दाखवा, एवढंच म्हणायचं. दोन बूथ जोडून होणारे मतदार किती, तेही सांगा. यावर 'बघतो' असं उत्तर देता येत नाही.

'आपल्या म्हणण्याने काय होतंय?' असं म्हणणाऱ्यांसाठी रँडॉल्फ काउंटीची गोष्ट. आपल्याच राज्यात, नैर्ऋत्येला, सात हजारांच्या आसपास वस्ती, निम्म्याहून अधिक लोक काळे, बरेच गरीब. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, गव्हर्नरच्या निवडणुकीला तीन महिने राहिले असताना, तिथल्या ९ पैकी ७ मतदान केंद्रं बंद करायचा प्रस्ताव आला. कारण दिलं, की त्या इमारती अपंगांच्या सोयीच्या कायद्यात बसत नाहीत. २०१३ च्या आधी असा बदल जॉर्जियाला वॉशिंग्टनहून मंजुरी आणल्याशिवाय करता येत नव्हता. त्या वर्षी अलाबामातल्या शेल्बी काउंटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती अट मोडीत काढली, तेव्हापासून राखण गावच्या माणसानेच करायची. रँडॉल्फच्या माणसांनी ती केली. मीटिंगांना गर्दी केली, नोटिसा वाचल्या, सह्या गोळा केल्या, वकिलांना बोलावलं. २४ ऑगस्टला बोर्ड बसलं आणि एका मिनिटाच्या आत प्रस्ताव फेटाळून उठलं. हे वाचताना आमच्या एकोणीस विषयांच्या ४० सेकंदांची मला आठवण झाली. तेवढ्याच वेळात हेही होतं तर.

माझी आई १९९५ मध्ये वाई तालुक्यातल्या आमच्या ग्रामपंचायतीत राखीव जागेवरून निवडून आली होती. घरच्यांना वाटलं, सही करेल आणि चहा पिऊन येईल. तिने पाच वर्षं ग्रामसभेत दाराजवळच्या सतरंजीवर बसून, डोक्यावरचा पदर सावरत, दर वेळी एकच प्रश्न विचारला: "किती झाले?" गटार बांधलं, किती झाले. उकिरडा हलवला, किती झाले. शाळेला कुंपण घातलं, किती झाले. तिसऱ्या वर्षी ग्रामसेवक ती आत येताना बघूनच वही उघडू लागला. मी तिला परवा फोनवर सांगितलं की मी इथल्या मीटिंगला जाते. तिचा पहिला प्रश्न, "बोललीस का?" म्हटलं, नाही, नुसती बसले होते. ती म्हणाली, "मग तिथलं लाइट बिल वाढवून आलीस."

तुमच्यातल्या कित्येकांचं उत्तर मला पाठ आहे. आम्ही सिटिझन नाही. आमचं ग्रीन कार्ड नातवाच्या लग्नात येईल. खरंय, भारतातल्या माणसाची रांग कुठल्याही बूथच्या रांगेपेक्षा लांब आहे. तेव्हा मत देऊ नका, आणि डोळ्यांत तेल घालून सांभाळा: सिटिझन नसताना मतदार नोंदणीच्या फॉर्मवर चुकूनही सही करू नका, ती चूक पुढे फार महागात पडते. पण आपल्या काउंटीत पब्लिक कमेंटच्या (मीटिंगमध्ये लोकांनी बोलायच्या वेळेच्या) कार्डावर नाव आणि पत्ता विचारतात, पासपोर्टचा रंग विचारत नाहीत. तीन मिनिटं मिळतात. समोर छोटा दिवा असतो, हिरवा, मग पिवळा, मग लाल. इंग्रजीचा उच्चार कुणी मोजत नाही. त्या दिवशी एक कोरियन आजी नातवाला घेऊन आल्या होत्या, नातू वाचून दाखवत होता आणि आजी प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. कमिशनर पुढे झुकून ऐकत होते.

आणि दुसरं उत्तर, 'उगाच नजरेत कशाला यायचं'. हे मात्र मला कळत नाही. नव्या शाळेच्या हद्दी बदलल्या, तेव्हा आपलीच सत्तर माणसं लाल टी-शर्ट घालून स्कूल बोर्डापुढे उभी होती. घराची किंमत कमी होणार म्हटल्यावर कुणालाही नजरेत यायची भीती वाटली नाही. मीही त्यात होते, लाल टी-शर्ट अजून कपाटात आहे. मग आता नेमकी भीती कसली?

सत्तर नकोत. दहाजण या. एकाने कचऱ्याचं बोला, एकाने रस्त्याचं आणि एकाने बूथचं. बूथचा निर्णय कमिशनर घेत नसले, तरी त्यांच्या रेकॉर्डवर आपलं म्हणणं जाईल. बाकीच्यांनी नुसतं बसा, पण मोबाइल बघत नको. भाषण लिहून आणू नका. 'वी द मराठी कम्युनिटी' अशी सुरुवात करू नका. प्रत्येकाने एकच आकडा मागा. रस्त्यावरून जाताना मगरीचा फोटो काढा, शेजारी बूट ठेवायला विसरू नका.

मीटिंग येत्या गुरुवारी संध्याकाळी सहाला आहे, कोर्टहाउसशेजारच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. कार्ड साडेपाचपर्यंत भरून द्यावं लागतं, ते दाराशीच मिळतं. पार्किंग फुकट आहे. इलेक्शन बोर्डाची मीटिंग त्याच्या पुढच्या मंगळवारी दुपारी चारला. त्या दिवशी ज्यांना सुट्टी घेणं जमणार नाही त्यांच्या आई-बाबांना मी घेऊन जाईन, ते नाहीतरी दुपारी घरात कंटाळलेले असतात आणि त्यांना असल्या सभांचा आपल्यापेक्षा अनुभव जास्त. जेवणाचं काय, असं विचारणार असाल, तर डब्यात दडपे पोहे आणते, सगळ्यांना पुरतील. प्लेटा नाहीत, ज्याने त्याने आपली ताटली घरून आणायची.

माझ्या मिनीव्हॅनमध्ये सहाजणांची जागा आहे. सव्वापाचला देवळाच्या पार्किंगमधून निघेन. श्रीखंडाचा वास अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा खिडकीजवळची जागा आधी सांगेल त्याला.

आपली,
मंडळाची एक जुनी सभासद